प्रोजेक्ट दुकानातून नको, घरातून येऊ दे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडून दोन आठवडे होतात न होतात तोच ‘प्रोजेक्ट’च्या चिठ्ठ्या मुलांच्या दप्तरातून घरी येऊ लागतात. मग संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. थर्माकोल, चमकीचा कागद, पाण्याच्या चक्राचं छापील चित्र आणि सूर्यमालेचे तयार गोळे घेऊन पालक घरी येतात आणि रात्री अकरापर्यंत कापाकापी करतात. मूल शेजारी झोपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तो प्रोजेक्ट वर्गातल्या कपाटावर चढतो, मार्चमध्ये कचऱ्यात जातो. पैसे पालकांचे, हात पालकांचे आणि शिकणं कुणाचंच नाही. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या मराठी शाळांच्या शिक्षकांना आणि पालकांना आमची कळकळीची विनंती आहे, की यंदा निदान निम्मे प्रोजेक्ट दुकानातून न आणता घरातून, शेतातून आणि बाजारातून येऊ द्यावेत. ते कसे करायचे, कुठे फसतात आणि का फसतात हे नीट कळावं म्हणून पत्र लांबलं आहे, त्याबद्दल क्षमस्व.

पहिली गोष्ट आकड्यांची, कारण पहिली-दुसरीत सगळ्यात जास्त रडारड तिथेच असते. आपण ‘पंचवीस’ म्हणतो. त्यात पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून. मूल ऐकलं तसं लिहितं, ५२. हा निष्काळजीपणा नव्हे, कान बरोबर काम करतोय. ‘एकोणचाळीस’ तर त्याहून अवघड. उच्चारात चाळीस आहे, लिहायचे आहेत तीन आणि नऊ. म्हणून ४९ किंवा ४१ लिहिलं जातं. आणि एकोण-एकोण करत गेलेल्या मुलाला ९९ला अचानक ‘नव्व्याण्णव’ भेटतो. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या शब्दांसोबत ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आपल्या भागात तो वाद घालायची गरजच नाही, कारण आपल्या मुलांच्या कानावर रोज कन्नड पडतं. कन्नडमध्ये २५ म्हणजे ‘इप्पत्तैदु’. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. ३९ म्हणजे ‘मूवत्तोंबत्तु’, तीस आणि नऊ. जसं लिहायचं तसंच बोलायचं. कन्नडला आपण परीक्षेतला एक जास्तीचा विषय समजतो. इथे मात्र तीच भाषा मराठी मुलाला एकक-दशक समजावून देते.

करायचं असं. जुन्या खराट्याचे हीर घ्या आणि बोटभर लांबीचे शंभर तुकडे करा. टोकं खरखरीत असतील तर दगडावर घासून घ्या. दहा रबर लागतील. दहा-दहाच्या जुड्या मुलानं स्वतः बांधायच्या. आईनं किंवा बाईंनी आयत्या बांधून दिल्या तर मुलाला जुडी ही एकच वस्तू वाटते, आत दहा आहेत हे हाताला कळत नाही. मग एकानं म्हणायचं ‘पंचवीस’, मुलानं दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या मांडायच्या, मांडलेलं डावीकडून उजवीकडे बोट ठेवत कन्नडमध्ये वाचायचं, ‘इप्पत्तु... ऐदु’, आणि मगच पाटीवर लिहायचं. जुड्या नेहमी मुलाच्या डाव्या हाताला. समोर बसून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला त्या आपल्या डाव्या हाताला ठेवायची सवय असते, मग मुलाला सगळं उलटं दिसतं. दाखवायचं असेल तर मुलाच्या शेजारी बसा.

वजाबाकी याच काड्यांवर करावी. ४२ मधून १७ काढायचे. सुट्या दोनच आहेत, सात कुठून द्यायच्या? इथे घाई करून ‘शेजारून एक उसना घे’ असं सांगू नये. मूल थोडा वेळ काड्यांकडे बघत बसतं, बसू द्यावं. जुडीचं रबर सोडायचं त्याला आपणहून सुचलं, की हातचा हा शब्द नंतर दोन मिनिटांत समजतो. सुचलं नाही तर इतकंच विचारावं, ‘जुडीत काय आहे?’

अपूर्णांकाचंही तसंच. आपण ‘पाऊण’ म्हणतो, त्यात एकातून पाव कमी असा हिशेब दडलेला आहे. कन्नडमधलं ‘मुक्कालु’ म्हणजे तीन पाव. एकच भाकरी, दोन वाटांनी तिथेच पोचायचं. भाकरीचे चार सारखे तुकडे करून एक बाजूला काढला की पाऊण, आणि मोकळ्या ताटात तीन तुकडे एकेक करून ठेवले की मुक्कालु. सव्वा, दीड, अडीच हे शब्दही ताटातच शिकवावेत. दीडला कन्नडमध्ये ‘ओंदूवरे’ म्हणतात, एक आणि अर्धा असं सरळ. चौथीतल्या मुलाला ३/४ हा आकडा फळ्यावर भेटण्याआधी भाकरीत भेटलेला असावा.

आता तागडी. ही वस्तू एकदा केली की वर्षभर पुरते, आणि तिच्यातून जेवढं शिकता येतं तेवढं कुठल्याच तक्त्यातून येत नाही. ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्या. १ आणि २९ सेंटिमीटरवर, पट्टीच्या रुंदीच्या बरोबर मध्यरेषेवर, एकेक भोक पाडा. मधलं भोक १५ सेंटिमीटरवर, पण मध्यरेषेच्या ३-४ मिलिमीटर वर. भोकं मोठ्यांनी पाडून द्यावीत, गिरमिटानं किंवा सुताराकडून. खुणा मात्र मुलानं करायच्या. मधल्या भोकातून गुळगुळीत खिळा घाला. भोक खिळ्यापेक्षा थोडं सैल हवं, घट्ट बसलं तर दांडी अडकते. श्रीखंडाच्या डब्याची दोन सारखी झाकणं म्हणजे पारडी. प्रत्येकाला कडेनं सारख्या अंतरावर तीन भोकं, प्रत्येक भोकात २५ सेंटिमीटर दोरा, तिन्ही दोरे वर एकत्र बांधून टोकाच्या भोकात अडकवा. रिकामी दांडी एका बाजूला झुकली तर वरच्या बाजूच्या पारड्याखाली थोडी माती किंवा मेण चिकटवा.

मधलं भोक वर का? ते टोकांच्या भोकांच्या रेषेतच पाडलं तर दांडी जिथे ठेवाल तिथे राहते, सरळ होतच नाही. रेषेच्या खाली गेलं तर तागडी सरळ उलटते. आणि फार वर, म्हणजे एक सेंटिमीटरभर गेलं, तर ती सुस्त होते, दोन-चार दाणे टाकले तरी ढिम्म हलत नाही. एक जुनी पट्टी वाया गेली तरी चालेल, पण ही तिन्ही भोकं मुलांना करून बघू द्यावीत. दोरे थोडे लहानमोठे झाले तर वजन चुकत नाही, पारडं तिरकं दिसतं एवढंच. उलट मधलं भोक डावी-उजवीकडे फक्त २ मिलिमीटर सरकलं तर शंभर ग्रॅमला जवळजवळ तीन ग्रॅमचा फरक पडतो.

वजनं विकत आणायची नाहीत. नाणीही वापरू नयेत, कारण जुन्या आणि नव्या रुपयाचं वजन सारखं नाही. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज आणा. १० मिलिलिटर पाणी म्हणजे १० ग्रॅम. दोन्ही पारड्यांत एकेक सारखी छोटी प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, एकीत मोजून पाणी, दुसरीत दांडी सरळ होईपर्यंत कोरडी वाळू. वाळूच्या पिशवीला गाठ मारा, वर आकडा लिहा. १०, २०, २० आणि ५० ग्रॅमच्या चारच पिशव्या करा आणि विचारा, यांतून शंभरपर्यंतची कोणकोणती वजनं तोलता येतील? चौथी-पाचवीतली मुलं अर्ध्या तासात सगळी यादी काढतात, आणि दोन वेळा २० का लागले हेही सांगतात. वाळू ओली असेल तर ती वाळेल तसं वजन उतरतं, म्हणून आधी दोन दिवस उन्हात टाका.

आता तागडी खरी की खोटी? बहुतेक जण म्हणतील, रिकामी सरळ राहिली म्हणजे खरी. तसं नाही. एक बाजू आखूड असली तरी त्या बाजूला माती चिकटवून रिकामी दांडी सरळ करता येते. खरी परीक्षा अदलाबदलीची. डाव्या पारड्यात शेंगदाणे, उजव्यात ५० ग्रॅमची पिशवी, दांडी सरळ. आता दाणे उजवीकडे आणि पिशवी डावीकडे. दांडी पुन्हा सरळ राहिली तर तागडी खरी, झुकली तर दोन बाजूंची लांबी सारखी नाही. सातवीच्या मुलाला व्यस्त प्रमाण इथे डोळ्यांना दिसतं. आणि आठवडी बाजारात अजूनही हातातल्या तागडीनं तोलून देणारे आहेत, तिथे हे ज्ञान घरच्यांच्याही कामी येतं.

तागडी झाली की आजीच्या मापांकडे वळा. आपल्या खेड्यांत चिपटं, मापटं, शेर अजून फडताळात सापडतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. मुलाला आधी अंदाज लिहायला सांगा, ‘पायलीत किती चिपटी बसतील?’, मग भरून मोजू द्या. माप शिगोशीग भरलं की सपाट, हे आधी ठरवा, नाहीतर सोळाऐवजी तेरा-चौदा येतात आणि मूल पाढ्यावर संशय घेतं. दुसरा प्रयोग मापाचा आणि वजनाचा. २०० मिलिलिटरच्या वाटीत सपाट भरलेले तांदूळ साधारण १६०-१७० ग्रॅम भरतात, त्याच वाटीत कणीक शंभरच्या आसपास, आणि जाडे पोहे त्याहूनही हलके. घरच्या तागडीवर हे चार पिशव्यांनी दोन-तीन हप्त्यांत तोलता येतं. कणीक हलक्या हातानं भरली की दाबून, यावर आकडा बराच बदलतो. दोन भावंडांची उत्तरं वेगळी आली तर भांडण मोडू नका, दोघांना एकमेकांसमोर पुन्हा भरायला लावा.

पेरणीचे दिवस आहेत म्हणून बियाण्याची उगवण चाचणी या पत्रात आलीच पाहिजे. ज्यांच्या घरी सोयाबीन किंवा भात घरच्या बियाण्यावर आहे, तिथे हा प्रोजेक्ट शेतकरी बापाच्या थेट उपयोगाचा आहे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढा, मिसळा, आणि न निवडता शंभर दाणे मोजा. चूक इथेच होते, मुलं टपोरे, गोरेगोमटे दाणे वेचतात आणि मग उत्तर खोटं चांगलं येतं. त्यांना सांगावं, डोळे मिटून घे. ओलं करून पिळलेलं गोणपाट पसरून त्यावर दहाच्या दहा ओळी, दोन दाण्यांत दोन बोटांचं अंतर. वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, पण गोणपाट टपकता कामा नये. सोयाबीन जादा पाण्यात कुजतं, आणि तो दोष बियाण्याच्या माथी जातो. सोयाबीन पाचव्या आणि आठव्या दिवशी मोजायचं, भात पाचव्या आणि चौदाव्या. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच धरायचे. शंभरातले जितके उगवले तितके टक्के, शेकडेवारी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. प्रमाणित बियाण्याला सोयाबीनसाठी किमान ७० आणि भातासाठी ८० टक्के उगवण धरतात. सोयाबीन ६०च उगवलं तर एकरी ३० किलोऐवजी किती लागेल? ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. सहावी-सातवीच्या मुलानं हा हिशेब बापाला सांगावा.

भातासाठी आणखी एक. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकलं की पोचट दाणे तरंगतात, भरलेले तळाला बसतात. तरंगलेले काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवायचे. धुवायला विसरलं तर मिठानं उगवणच बिघडते. साध्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात किती-किती दाणे तरंगले ते मुलांनी वेगवेगळं मोजावं. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. दुकानातून आणलेलं गुलाबी, निळं रंग लावलेलं बी मुलांच्या हाती देऊ नये. त्यावर औषध असतं.

दह्याचं थोडक्यात सांगतो. चार वाट्यांत सारखं दूध, तिघींत अर्धा-अर्धा चमचा विरजण. एकीतलं दूध फ्रिजमधलं गार, दुसरीतलं कोमट, तिसरीतलं हात लावता येणार नाही इतकं गरम. चौथी वाटी कोमट, पण विरजणाशिवाय. कढत दुधानं विरजणातले जीवाणू मरतात, गार दुधात ते सुस्त राहतात. चौथी वाटी सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर विरजणामुळे दही झालं हे सिद्धच होत नाही. बेळगावच्या पावसाळी हवेत रात्रभर ठेवूनही दही सैल राहतं, तेव्हा निकाल सकाळी सहाला न बघता नऊला बघावा. गरम दूध ओतण्याचं काम मोठ्यांचं.

दिवाळीतल्या किल्ल्याचं वेगळं पत्र होईल. राजहंसगड डोळ्यांसमोर असलेल्या मुलांना किल्ला कसा असतो हे सांगावं लागत नाही, आणि आपल्याकडे गल्लोगल्ली किल्ले होतात हे आपलं मोठं भाग्य. एवढंच सुचवतो, की यंदा किल्ल्याला प्रमाण द्या. १ सेंटिमीटरला १ मीटर असं ठरवून दरवाजा, बुरूज आणि मावळे त्याच मापात करा. दुकानातला मावळा शेजारी उभा केला की तो दहा मीटर उंच ठरतो, हे मुलांनाच शोधू दे.

बाजाराबद्दल पालकांना एक सांगायचं आहे. हल्ली फोननं पैसे दिले जातात. आवाज आला की व्यवहार संपला, मुलानं ना नोट बघितली ना मोड मोजली. आठवड्यातून एकदा तरी तिसरीच्या पुढच्या मुलाच्या हाती रोख पन्नास रुपये आणि तीन वस्तूंची यादी द्या. भाव किलोचा, घ्यायचं पाव किलो. विक्रेता कन्नड बोलणारा असेल तर ‘एष्टु?’ म्हणजे ‘किती?’ असं मुलानंच विचारावं. मोड परत आली की तिथेच उभं राहून मोजायची. मागे गर्दी असली तरी त्याला ओढू नका. शक्यतो गर्दी नसलेली वेळ निवडा, शनिवारच्या बाजारात भर दुपारी हे जमणार नाही.

कुणी म्हणेल, शेतात, बाजारात, चुलीपाशी मुलं आधीच राबतात, आणखी काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर स्पष्ट असावं. आम्ही सांगतो ते मुलांना कामाला जुंपणं नव्हे. बी निवडून पोतं भरायला बसवलं तर ते काम. शंभर दाणे मोजून ‘किती उगवतील?’ असा प्रश्न पडला तर ते शिकणं. मूल कंटाळलं की थांबवता आलं पाहिजे, आणि शाळेचा एकही तास त्यापायी बुडू नये. पालकांना वेळ नाही ही तक्रारही खरी आहे. यातल्या कुठल्याच गोष्टीला रोज दहा मिनिटांहून जास्त मोठ्यांची गरज नाही. खरं तर मोठ्यांनी कमी हात घालावा हेच जास्त अवघड आहे.

प्रत्येक प्रयोगाआधी वहीत एक ओळ, ‘मला वाटतं असं होईल’, आणि नंतर दुसरी, ‘झालं असं’. एवढंच लिखाण पुरे. अंदाज आधी लिहिला नाही तर मूल नंतर म्हणतं, मला माहीतच होतं. आणि अंदाज चुकला म्हणून गुण कापू नयेत, ही शिक्षकांना हात जोडून विनंती. एकदा गुण कापले की पुढच्या वेळी मूल आधी करून बघतं आणि मग अंदाज लिहितं. तीन वर्षांखालची भावंडं घरात असतील तर शेंगदाणे, हरभरे, रबर त्यांच्या हाताला लागणार नाहीत असं ठेवा. घशात अडकतात.

हे काही आम्ही नव्यानं शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊनच बालवाड्या चालवल्या. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष असलेल्या गांधीजींनी पुढे १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, तिचा गाभाही हाताचं काम हाच होता. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलं आहे.

शेवटी संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. राकसकोप जलाशयाची पाणीपातळी पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येते. त्याच्या शेजारी मुलांनी मोजलेल्या पावसाचा एक छोटा चौकोन छापाल का? कणकुंबी, जांबोटी, खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी. पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस कसा उतरत जातो, हे भूगोलाच्या पुस्तकात एका वाक्यात आहे. इथे ते आकड्यांत, रोज, आपल्याच पोरांच्या हातचं दिसेल.

पर्जन्यमापक फुकटात होतो. सरळ बाजूंची २ लिटरची बाटली घ्या. मध्ये फुगलेली किंवा कमरेत आवळलेली चालत नाही, कारण तिथे मिलिमीटर खोटे होतात. वर जिथे ती निमुळती व्हायला लागते तिथे कापा, कापलेला भाग टोपण काढून उलटा आत बसवा आणि चिकटपट्टी लावा. बाटलीचा तळ खड्ड्यांचा असतो, म्हणून आत खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरा. ती शून्याची रेषा. तिथून वर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवा, वरून पारदर्शक टेप. तोंड आणि बाटली एकाच रुंदीची म्हणून आकडा सरळ मिलिमीटरमध्ये मिळतो. कुणी हौसेनं बाटलीच्या दुप्पट रुंदीचं नरसाळं लावलं तर पाऊस चौपट दिसेल.

ती झाडाखाली, पागोळीखाली किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. जवळचं झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर, वाळूच्या बादलीत रोवून, तोंड जमिनीपासून फूटभर वर. नाहीतर उडणारे शिंतोडे आत जातात. वाचन सकाळी साडेआठला, हवामान खातंही त्याच वेळी घेतं. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा, वरून बघितलं तर आकडा चुकतो. वाचून झालं की शून्यापर्यंत पाणी कमी करायचं, आणि उन्हानं शून्याखाली गेलं असेल तर भरायचं. कणकुंबीकडे जुलैत एकाच दिवसात बाटली भरून वाहू शकते. तिथे संध्याकाळीही एकदा मोजून रिकामी करावी आणि दोन्ही आकडे मिळवावेत.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ६ मीटर बाय ५ मीटरच्या छपरावर ४० मिलिमीटर पडला तर १२०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या ८० घागरी. कौलारू छपराचं माप घेताना उताराची लांबी धरू नका, खाली जमिनीवर छप्पर जेवढी जागा झाकतं तेवढीच धरा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या मुलांनी हा हिशेब ग्रामपंचायतीत नेला तरी चालेल.

आकडे पाठवायची पद्धत सोपी ठेवता येईल. गावाचं नाव, तारीख आणि मिलिमीटर एवढंच, मुलाचं नाव नको. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं. सुट्टीमुळे किंवा विसरल्यामुळे मोजलं नसेल तर आडवी रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी जे साचलेलं मिळेल ते ‘दोन दिवसांचं’ असं लिहून पाठवायचं. शून्य आणि रेघ यांची गल्लत होऊ देऊ नये, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी.

आपले नम्र,
प्राथमिक वर्गांना शिकवणारे काही शिक्षक,
बेळगाव व खानापूर तालुका